स्पर्श न होता

खुशाल दुर्गेच्या तोंडात जीभ आहे की नाही, याचीच मोहबोडीच्या लोकांना शंका होती. बोल्टावर नट नीट बसला नाही तर नटाला चार शिव्या हासडील, पण माणसानं काही म्हटलं की गडी मान खाली घालून पाना पुसत बसणार. असा माणूस भर मंडपात, चांद्याहून आलेल्या साहेबासमोर, स्वतःच्याच हातानं बनवलेलं यंत्र खोलायला लागला, म्हणजे काही तसंच कारण असणार की नाही? कारण होतं. चार बोटं रुंद कागदावर, चांगल्या ठळक अक्षरात छापलेलं होतं.

पण आधी सुकडीचं सांगायला हवं. त्याशिवाय तो कागद काय ते कळायचं नाही.

मोहबोडी पोंभुर्ण्याहून जंगलाच्या अंगानं आत. गावाच्या खालच्या बाजूला, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीला लागून बौद्ध मोहल्ला. त्या मोहल्ल्यातल्या आठ बाया तीन वर्षांपासून सोसायटीच्या शेडमध्ये आसपासच्या बालवाड्यांसाठी सुकडी करत होत्या. गहू भाजायचे, हरभऱ्याची डाळ भाजायची, चक्कीवर भरड दळायचं, त्यात गुळाची भुकटी मिसळायची. एका लेकराला एका दिवसाला साठ ग्रॅम, म्हणून साठ-साठ ग्रॅमची पाकिटं भरायची. तराजूत तोलायचं, प्लास्टिकच्या पिशवीत ओतायचं, आणि पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायचं, की चिकटलं. दिवसभर पिठाची धूळ नाकातोंडात आणि बोटांना चटके. आठ बायांत वयानं सगळ्यात मोठी बायनाबाई. ती खुशालची माय.

खुशाल चांद्याच्या आयटीआयमधून फिटर झालेला. राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत एका ठेकेदाराच्या वर्कशॉपात चार वर्षं काढली, ठेकेदाराचं काम संपलं तसा तो गावात परतला आणि लोकांचे पंप, इंजिनं दुरुस्त करू लागला. शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर एक दिवस सोसायटीचे सेक्रेटरी बापूराव त्याच्या दारात आले. दारात म्हणजे दारातच. उंबऱ्याच्या आत त्यांचा पाय कधी पडला नव्हता, तेव्हाही पडला नाही.

"खुशाल, चांद्याहून बालवाडीच्या साहेबायचं पत्र आलं," बापूराव म्हणाले. "हातानं भरलेली सुकडी चालत नाई म्हनते. मशीन पायजे. नागपूरची मशीन आपल्या सोसायटीले झेपत नाई. तू बनवतं का?"

"आन नाई बनली त?"

"त काय, काम जाते नागपूरच्या कंपनीले. तुही माय आन बाकीच्या साती जनी घरी."

खुशालला खरं म्हणजे आनंदच झाला. मायचा खोकला त्याला रोज ऐकू यायचा. मशीन झाली तर धूळ कमी, चटके कमी. एवढा साधा विचार त्याच्या डोक्यात. साहेबाला हात का चालत नाही, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. आता त्याला भोळा म्हणा की खुळा म्हणा.

सुटं पीठ डब्यातून पिशवीत पाडायचं, यात काय मोठं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा करून बघावं. खुशालनं पत्र्याचं मोठं नरसाळं केलं, बाया त्याला चाडं म्हणू लागल्या, कारण पेरणीच्या चाड्यासारखंच ते दिसायचं. खाली सागाचा जाड रूळ बसवला. रुळाला चार चौकोनी खाचे आणि बाजूला फिरवायचा दांडा. वरच्या अंगाला खाचा आला की चाड्यातून पीठ त्यात भरणार, सायकलच्या ट्यूबची पट्टी वरचं जास्तीचं पुसून काढणार, आणि रूळ फिरून खाचा उलटा झाला की पीठ खालच्या पिशवीत. कागदावर सगळं झकास. पण पहिल्या दिवशी चाडं काठोकाठ भरलं, दांडा फिरवला, आणि खाली कणसुद्धा पडेना! पीठ आतल्या आत एकमेकाला धरून कमान करून बसलेलं. त्यानं चाड्यात फिरती दांडी बसवली, ती कमान मोडायची. ते जमलं, तर नवीनच भानगड. गुळामुळं पीठ खाच्याच्या कोपऱ्यांना चिकटायचं. एक पाकीट पन्नासाचं, पुढचं सदुसष्टाचं. खुशालनं रुळावर ठोका देणारी खुंटी लावली, खाच्यांना कथलाचा पत्रा लावला, कोपरे पॉलिश पेपरनं घासले. दोन महिने गेले. गडी जेवायचं विसरायला लागला.

"लेकराचे दहा ग्रॅम कोपऱ्यात राह्यते, माय," तो एकदा कपाळाला हात लावून म्हणाला. "कोनाच्या तरी पोटातून जाते ना ते."

बायनाबाई हसली. "बापा, तुह्या डब्याले कोपरे ठेवलेच कायले? हाताले कोपरा असते का?"

झालं. खुशाल तिच्या हाताकडे बघतच राहिला. "माय, घे बरं एक पसा," तो म्हणाला. बायनाबाईनं सवयीनं एका हाताचा पसा भरून सुकडी उचलली आणि तराजूत टाकली. साठ ग्रॅम. पुन्हा घे. एकसष्ट. पुन्हा. साठ. वीस वेळा घ्यायला लावलं त्यानं, आणि वीसही वेळा काटा त्याच रेघेच्या आसपास. तीन वर्षं तराजूत ओतून ओतून बाईचा हातच तराजू झाला होता, आणि हे तिला सोडून कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. वर हात उलटा केला की तळव्याला काही चिकटून राहत नव्हतं, सगळं झटक्यात खाली.

मग त्यानं काय केलं, तर मेणबत्त्यांचे तुकडे वितळवले, मेण कोमट होऊ दिलं आणि त्याचा गोळा मायच्या हातावर ठेवला. "सुकडी धरतं तसाच धर," म्हणाला. पसाभर मेणाचा तो गोळा घट्ट झाला तेव्हा त्याच्या बुडाला तळव्याच्या रेघा उमटल्या होत्या, आणि अंगठ्याखालची ती आडवी खूणही. धान कापताना विळा लागला होता त्याची. तोच साचा घेऊन खुशाल चांद्याला एका ओताऱ्याकडे गेला आणि जुन्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भांड्यांतून तसल्या चार वाट्या ओतून आणल्या. कानस मारली, घासल्या, आरशासारख्या केल्या. रेघा गेल्या. विळ्याची खूण मात्र चारही वाट्यांत राहिली, बोट फिरवलं की लागायची. पीठ तिथं अडत नव्हतं, म्हणून त्यानं ती राहू दिली. खरं कारण तेवढंच नव्हतं, पण ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

वाट्या रुळात बसवल्या, दांडा फिरवला. साठ. साठ. एकोणसाठ. साठ. रुखमा नावाच्या बाईनं तर तराजूच बिघडला असं म्हणून तो हलवून पाहिला! शेडमधल्या आठही बाया हसल्या, त्या हसण्यात बायनाबाईचा खोकलाही मिसळला.

बापूराव आले, वजनं पाहिली, म्हणाले, "शाब्बास!" वाट्या कशा केल्या, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर खुशालनं सांगितलं असतं.

मग आला तो कागद. पाकिटात टाकायच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे छापखान्यातून आले, सहा हजार चिठ्ठ्या. वर लेकराचं चित्र, खाली दोन ओळी:

*मानवी हाताचा स्पर्श न होता*

*यंत्रावर भरलेली पौष्टिक सुकडी*

आणि काय सांगावं, हे वाचून खुशालची छाती फुगली! आपल्या यंत्राचं नाव छापून आलं म्हणून. चिठ्ठी घेऊन तो शेडमध्ये धावला, बायांना मोठ्यानं वाचून दाखवली.  मनकर्णा नावाची बाई, तिची जीभ जरा तिखट, ती मेणबत्ती विझवून म्हणाली, "तुले समजलं नाई का रे, खुशाल?"

"काय समजलं नाई?"

"पल्याडच्या आंबेटोल्यात आपली सुकडी लेकराईले देत नाईत. तीन महिने झाले. बालवाडीतून घरी नेतेत आन शेळ्याईपुढं टाकतेत. बालवाडीच्या बाईनं मले सोता सांगतलं. कोनाच्या हातची आहे हे त्यायले मालूम पडलं ना. तितूनच अर्ज गेला वर. साहेबाच्या पत्रात लिवलं होतं, 'भरन्याची पद्धत अस्वच्छ.' अस्वच्छ म्हंजे काय, ते तूच समज."

खुशालला आधी ते डोक्यात शिरेना. मग शिरलं. मानवी हाताचा स्पर्श. कोणत्या मानवाचा? हे दोन महिने उपाशीतापाशी राहून त्यानं केलं होतं काय, तर स्वतःच्या मायचा हात लोकांच्या नजरेआड करायचं यंत्र! मायच्या खोकल्यासाठी करतो आहे असं त्याला वाटत होतं आणि करून घेणारे वेगळ्याच गोष्टीसाठी करून घेत होते. कान तापले त्याचे. जन्मात पहिल्यांदा तो कोणाच्या तरी घरी जाब विचारायला निघाला.

बापूराव पडवीत पान लावत बसले होते. खुशाल अंगणात उभा राहिला. बस म्हणून कोणी म्हटलं नाही.

"हे काऊन छापलं, भाऊ?"

"काय? हे? अरे, आजकाल सगळ्याच पाकिटावर असते. बिस्कुटावर असते, चहावर असते. स्वच्छतेसाठी."

"आंबेटोल्याचा अर्ज स्वच्छतेसाठी होता?"

बापूरावांनी सुपारी कातरायची थांबवली. "हे पाह्य खुशाल, मी मानतो का हे? मी मानत नाई. पन लोक मानतेत, त्यायले मी काय करू? मी कधी भेद केला? तुह्या घरी मी पानी नाई पेलो का?"

"नाई पेले."

"बरं, पेईन एखाद्या दिवशी. पन समज. लोकायनं सुकडी घेतली नाई त काम बंद होते. मंग तुह्या मायले काय भेटन? मी तुमच्याचसाठी करून राह्यलो ना."

"दळते कोन मंग? भाजते कोन? गूळ मिसळते कोन? तो हात नाई का?"

"ते मागच्या खोलीत होते. मधात बांबूच्या तट्ट्या लावू. समोर मशीनवर माहा भाचा बसन. आन भट्टीत एकदा गेलं की सगळं शुद्ध होते, बापा."

वा रे वा! म्हणजे हात दळायला चालतो, भाजायला चालतो, पोतं उचलायला चालतो, पण दिसायला चालत नाही. आणि वर उपकाराची भाषा! खुशालनं चिठ्ठीची घडी केली, खिशात घातली. तो आला तसाच परत गेला. बापूरावांना वाटलं, पटलं गड्याला.

घरी बायाही जमल्या होत्या. मनकर्णाच तिथं म्हणाली, "राग मलेही येते. पन बोलू नको, खुशाल. माह्या घरी तीन लेकरं आहेत. छापू दे त्यायले काय छापाचं ते." रुखमानं मान हलवली. खुशाल भिंतीला टेकून बसला. आठ बायांचं काम एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला काय? एक ओळ. ओळीसाठी कोणाची चूल बंद पाडायची?

बायनाबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होती. तिनं छप्पन साली, नवी नवरी असताना, नवऱ्यासोबत चांद्याला जाऊन दीक्षा घेतली होती. येताना सासरच्या विहिरीपाशी तिला कोणी अडवलं, तर तिनं घागर भरूनच पाय हलवला होता, असं मोहल्ल्यात अजून सांगत. गेल्या दोन वर्षांपासून ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जायची. तिनं चिठ्ठी मागून घेतली, डोळ्यांपासून लांब धरली आणि बोट ठेवून ठेवून वाचू लागली.

"मा-न-वी... हा-ता-चा... स्प... स्पर्श... न... हो-ता." ती थांबली. "हा न येगळा लिवला आहे का रे?"

"हाव. येगळाच असते."

"बरं," बायनाबाई म्हणाली आणि चिठ्ठी पदराला बांधून भात टाकायला उठली. तिच्या मनात काय आलं, ते खुशालला तेव्हा कळलं नाही.

उद्घाटनाचा दिवस आला. शेडपुढं मंडप घातला. चांद्याहून साहेब आले, चष्म्याचे, कपड्यांची इस्त्री कडक. आसपासच्या गावांतले बालवाड्यांचे लोक आले. आंबेटोल्याहून तिथल्या बालवाडी समितीचा इस्तारी आला, मोठा फेटा बांधून, पहिल्या रांगेत. मधोमध टेबलावर यंत्र, त्याला झेंडूची माळ. यंत्राच्या मागं बांबूच्या तट्ट्या उभ्या केल्या होत्या आणि तट्ट्यांच्या मागं आठ बाया. त्यांच्यासाठी खुर्च्या नव्हत्या, चटईसुद्धा नव्हती. यंत्राला माळ आणि माणसांना तट्ट्या, असा तो समारंभ.

बापूराव बोलायला उठले. "आजपासून आपल्या सुकडीले कोनाचाच हात लागनार नाई," ते म्हणाले, आणि 'कोनाचाच' या शब्दावर असे रेलले की समोरच्यांना काय समजायचं ते समजलं. टाळ्या पडल्या. भाच्याला दांडा धरायला बोलावलं, पण त्या बिचाऱ्याला तो कोणत्या अंगानं फिरवायचा तेच माहीत नव्हतं. शेवटी खुशाललाच फिरवावा लागला. साठ. साठ. साठ. साहेबांनी स्वतः तराजूत पाहिलं, म्हणाले, "उत्तम. अगदी अचूक." पाकिटं वाटली. इस्तारीनं त्याचं पाकीट दातानं फाडलं आणि अर्धी सुकडी तोंडात ओतली.

"हे चालन," तो भरल्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हे खायले हरकत नाई. याले हात नाई ना लागला."

तट्ट्यांच्या मागून बायनाबाईचा खोकला ऐकू आला. एकदाच आला आणि दाबला गेला. तिनं खोकलासुद्धा दाबायचा! खुशालचं जे काही इतकी वर्षं आवळून धरलेलं होतं, ते तिथं सुटलं. त्यानं खिशातून पाना काढला, यंत्राला लावला, चार आटे फिरवले आणि रुळातली पहिली वाटी काढून हातात घेतली.

"अबे, काय करून राह्यला?" बापूराव ओरडले.

"दाखवून राह्यलो," खुशाल म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "साहेब, बोट फिरवा आतून. काही लागते का?"

साहेबांनी बोट फिरवलं. "काहीतरी खाच आहे. आडवी."

"माय, इथी ये," खुशालनं हाक मारली. "समोरून ये. तट्ट्याच्या मागून नको."

बायनाबाई तट्ट्या बाजूला सारून आली, पदर सावरून साहेबासमोर उभी राहिली. खुशालनं तिचा उजवा हात धरला, तळवा वर केला, पसा करायला लावला आणि वाटी त्यात ठेवली. नेमकी बसली, मधात बोट घालायलाही जागा नाही. मग वाटी उचलून त्यानं तिच्या अंगठ्याखालची विळ्याची खूण साहेबाला दाखवली.

"माह्या मायच्या पशाचा साचा आहे हा, साहेब. चारही वाट्या. चौकोनी डबे करून दोन महिने मेलो, लेकराईचं पीठ कोपऱ्यात राहे. हिच्या हातानं वजन लागलं. तुमी उत्तम म्हनलं ते हिच्या हाताले म्हनलं. आता मले या मंडपात एवढं सांगा, चिठ्ठीवर लिवलं तो मानवी हात कोनाचा? कोनता हात लागला नाई म्हनून लोकाईनं टाळ्या वाजवल्या? नाव घेऊन सांगा ना. मी लिवून घेतो आन तसंच छापतो!"

 साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पत्रावर सही त्यांचीच होती, आणि त्या प्रश्नाचं उत्तर भर सभेत तोंडानं दिलं तर अस्पृश्यतेच्या कायद्यानं काय होतं, हे त्या मंडपात त्यांच्याएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि इस्तारी? त्याचे गाल फुगलेले. थुंकावं तर साहेब बघतात, गिळावं तर गाव बघतं.

बायनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण सोडलंही नाही. "गिळा, भाऊ," ती म्हणाली. "तीन महिने तुमच्या गावच्या शेळ्याईनं खाल्ली, त्या मोठ्या झाल्या. लेकरं तशीच राह्यली. गिळा, काई होत नाई."

आंबेटोल्याच्या बालवाडीची बाई मागच्या रांगेत बसली होती. तिनं मान खाली घातली.

"यंत्र चांगलं आहे," साहेब घसा साफ करून म्हणाले. "पण चिठ्ठ्या छापून झाल्यात. सहा हजार. सरकारी खर्चाचा प्रश्न आहे. या खेपेला जाऊ द्या, पुढच्या वेळी मजकूर बघू."

"पुढच्या येळचं पुढं," खुशाल म्हणाला आणि बाकीच्या तीन वाट्याही खोलायला लागला. "मशीन सोसायटीची. चाडं तुमचं, रूळ तुमचा. वाट्या माह्या मायच्या. चिठ्ठी ठेवाची असन त वाट्या मी घरी नेतो. भरा तुमच्या शुद्ध डब्यानं."

"काम नागपूरले जाईन, लेका!" बापूराव दबक्या आवाजात म्हणाले. "आठी जनी घरी बसतीन! तुह्यामुळं!"

तट्ट्यांच्या मागून आता बाकीच्या सातही जणी बाहेर आल्या होत्या. मनकर्णाचा चेहरा उतरला होता, पण ती खुशालला थांब म्हणाली नाही. तीही त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. खुशालच्या हातातला पाना शेवटच्या वाटीवर अडला. तीन लेकरं, तिनं म्हटलं होतं ते त्याला आठवलं.

तेव्हा बायनाबाईनं पदराची गाठ सोडली आणि ती चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "साहेब, कागद फाडाचं काम नाई," ती म्हणाली. "सगळं बरोबर छापलं आहे. एकच अक्षर चुकलं."

"कोणतं?"

टेबलावर हजेरीबुकाजवळ शिक्क्याची शाईगादी पडली होती, बाया हजेरीला अंगठा लावायच्या तीच. बायनाबाईनं अंगठा तिच्यावर दाबला, चिठ्ठीवर नेमका बघून टेकवला आणि उचलला. 'न' दिसेनासा झाला. त्या जागी तिच्या अंगठ्याच्या निळ्या रेघा.

"वाचा आता," ती म्हणाली.

साहेबांनी चिठ्ठी उचलली. मनात वाचणार होते, पण बायनाबाई म्हणाली, "मोठ्यानं वाचा, साहेब. मागच्याईले आयकू जाऊ द्या." आणि काय वाटलं कोण जाणे, साहेबांनी मोठ्यानं वाचलं.

"मानवी हाताचा स्पर्श होता. यंत्रावर भरलेली पौष्टिक सुकडी."

"खोटं आहे का?" बायनाबाईनं विचारलं.

साहेबांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "नाही," ते म्हणाले. "खोटं काही नाही. आणि खर्चही नाही." त्यांनी पेन काढून चिठ्ठीच्या कोपऱ्यात सही केली. बापूरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर साहेब म्हणाले, "सेक्रेटरी, या तट्ट्या काढा आधी. आणि या बायांना खुर्च्या द्या."

गठ्ठे सोडले. आठही बाया शाईगादीभोवती बसल्या. मनकर्णा गेल्या वर्षी सही करायला शिकली होती आणि तेव्हापासून तिनं अंगठा लावणं सोडलं होतं, अपमान वाटायचा तिला. तिनं अंगठ्याकडे एकदा पाहिलं, गादीवर दाबला आणि पहिल्या चिठ्ठीवर टेकवला. "एवढ्या खुशीनं म्या कधी अंगठा नाई लावला," ती म्हणाली. सहा हजार चिठ्ठ्यांना चार दिवस लागले. खुशालनं वाट्या परत रुळात बसवल्या आणि दांड्यावर माय बसली, भाचा नाही.

इस्तारीनं मधल्या गडबडीत कधीतरी गिळलं होतं. कधी, ते कोणी पाहिलं नाही, पण तोंड रिकामं होतं आणि फेट्यावर, मिशीवर, खाली जमिनीवर कुठंच सुकडी सांडलेली नव्हती.

पुढच्या सोमवारी पहिलं पोतं आंबेटोल्याला गेलं. पोत्यात दोनशे पाकिटं होती, प्रत्येकात साठ ग्रॅम, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक निळा अंगठा.